टाचदुखी, मुरगळलेला घोटा आणि न दुखणारी जखम: कोणत्या पायासाठी कोणाकडे जावे?

आमच्या घरात एकाच पावसाळ्यात दोघांचे पाय बिघडले. आईला सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टेकताच टाचेत अशी कळ येत असे की ती भिंतीला धरूनच मोरीपर्यंत जाई. त्याच सुमारास काकांच्या चपलेच्या तळातून एक बारीक खिळा वर आला. काकांना सतरा वर्षांपासून मधुमेह आहे. ते त्या चपलेने मंडईत जाऊन आले, पोस्टात जाऊन आले, आणि संध्याकाळी काकूंनी फरशीवर उमटलेले लाल डाग पाहून "अहो, हे रक्त कुणाचं?" असे विचारले, तेव्हा काकांनी आधी त्यांनाच स्वतःचे पाय बघायला सांगितले. चवड्याखाली, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, मसुराएवढे भोक होते आणि त्यांना ते जाणवलेही नव्हते.

पुढे जे झाले ते पुष्कळ घरांत होते. आई कळवळत असल्यामुळे तिला महिन्याभरात तीन डॉक्टरांना दाखवले, एक्स-रे काढला आणि रक्ताच्या तपासण्या केल्या. काकांचे दुखत नव्हते, म्हणून औषधाच्या दुकानातून मलम आणून पट्टी बांधली. बाराव्या दिवशी पट्टीला वास येऊ लागला, तेव्हा त्यांना दवाखान्यात नेले. आईची टाच अखेर घरच्या व्यायामाने पाच महिन्यांत बरी झाली. काकांना ते बोट गमवावे लागले. किती दुखते यावरून डॉक्टर किती लवकर गाठायचा हे आम्ही ठरवत होतो, आणि पायाच्या बाबतीत हे मोजमाप फसवे आहे. म्हणून पुढील तुलना दुखण्याच्या तीव्रतेवर न करता तीन प्रश्नांवर केली आहे: त्या पायावर भार देऊन चालता येते का, तळव्याला स्पर्श नीट कळतो का, आणि त्वचा फुटली आहे किंवा पायाचा रंग बदलला आहे का.

पोडियाट्रिस्ट नेमका कोण, आणि आपल्याकडे कोण?

पोडियाट्रिस्ट म्हणजे पाऊल आणि घोटा यांच्या आजारांचा तज्ज्ञ. अमेरिकेत हा स्वतंत्र पदवीचा व्यवसाय आहे. चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण आणि त्यानंतर रुग्णालयातील प्रशिक्षण घेतलेले पोडियाट्रिस्ट तेथे शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये साधारण तीन वर्षांची पदवी आणि शासनमान्य नोंदणी लागते, आणि तेथील मधुमेही रुग्णांची वर्षातून एकदा पायांची तपासणी होणे अपेक्षित असते. त्यामुळे लंडनला किंवा न्यू जर्सीला राहणारी मुलगी फोनवर "बाबांना पोडियाट्रिस्टकडे ने" असे सहज सांगते, आणि साताऱ्यात किंवा अकोल्यात राहणाऱ्या भावाला नेमके कुठे जायचे ते कळत नाही.

आपल्याकडे हे काम अनेकांत वाटलेले आहे. हाड, सांधा आणि अस्थिबंध यांचे दुखणे अस्थिरोगतज्ज्ञ पाहतात, आणि मोठ्या शहरांत त्यांतील काही जण फक्त पाऊल-घोट्याचेच काम करतात. मधुमेही पायाची जखम बहुधा जनरल सर्जन किंवा मधुमेहतज्ज्ञ चालवत असलेल्या 'डायबेटिक फूट क्लिनिक'मध्ये पाहिली जाते. रक्तपुरवठा कमी असेल तर रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक लागतात, त्वचेच्या तक्रारींना त्वचारोगतज्ज्ञ पुरेसे असतात, आणि चालण्याची लय व ताकद परत मिळवून देण्याचे काम फिजिओथेरपिस्टचे असते. पाटीवर 'पोडियाट्री' लिहिलेल्या ठिकाणी शल्यविशारद बसलेले असू शकतात, किंवा थोड्या मुदतीचा अभ्यासक्रम केलेली व्यक्ती यंत्रावर पायाचा दाब मोजून बूट विकत असू शकते. दोघांचाही उपयोग आहे, पण उघड्या जखमेसाठी दुसऱ्याकडे जाऊन चालणार नाही. आपली पदवी काय आणि जखमेची शस्त्रक्रिया आपण स्वतः करता का, हे दोन प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

टाचदुखी: घरचा व्यायाम, इंजेक्शन की शस्त्रक्रिया?

टाचेच्या खाली, किंचित आतल्या बाजूला, सकाळच्या पहिल्या पावलांना किंवा बराच वेळ बसून उठल्यावर होणारी वेदना ही बहुतेक वेळा तळव्याच्या पट्ट्याची, म्हणजे प्लांटर फॅशियाची असते. हा जाड पट्टा टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत ताणलेला असतो आणि पायाची कमान तोलून धरतो. आखडलेली पोटरी, वाढलेले वजन, सपाट पाऊल आणि तासन्‌तास उभे राहण्याचे काम यांमुळे त्याच्यावर ताण येतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट त्यात भर घालते. घरात अनवाणी वावरायची आपली पद्धत पूर्वी शेणाने सारवलेल्या जमिनीवर चालून गेली. आता ओट्यापाशी रोज तीन-चार तास उभे राहायचे ते ग्रॅनाइटच्या किंवा सिरॅमिकच्या फरशीवर. आईच्या दुखण्यावर पहिला उतार पडला तो केवळ स्वयंपाकघरात वापरायला वेगळी, मऊ तळाची आणि टाचेला किंचित उंची असलेली चप्पल आणल्यावर.

एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला काटा दिसला की घरातले सगळे घाबरतात, "हाड वाढलंय" असे म्हणतात, आणि ते कापून काढल्याशिवाय सुटका नाही असे वाटू लागते. वस्तुतः असा काटा कधीही टाच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही सापडतो आणि काटा असलेल्यांचे दुखणे काटा तसाच राहून थांबते. त्यामुळे पहिल्याच भेटीत एक्स-रेची गरज सहसा नसते.

आता उपायांची तुलना. व्यायामाला खर्च नाही, पण धीर लागतो. बिछान्यातून उतरण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बोटे हाताने नडगीकडे ओढून दहा सेकंद धरायची आणि असे दहा वेळा करायचे. दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटवून, पोटरी ताणायची. आईने पहिल्या तीन आठवड्यांत "काही फरक नाही" म्हणून हे दोनदा सोडले होते. फरक दुसऱ्या महिन्यापासून दिसतो, आणि शस्त्रक्रियेशिवाय बऱ्या होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 90 टक्के असले तरी कित्येकांना त्यासाठी सहा महिने ते वर्षभर लागते. स्टिरॉइडचे इंजेक्शन वेदना लवकर कमी करते, पण तो आराम काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतो, आणि पुन्हा पुन्हा टोचून घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा व पट्टाच तुटण्याचा धोका असतो. घरात लग्न तोंडावर आले आहे आणि उभे राहणे टाळता येत नाही, अशा वेळी विचार करून घेतलेले एक इंजेक्शन मला समजू शकते. दर तीन महिन्यांनी घेतलेले नाही. शस्त्रक्रियेचा विषय सहा ते बारा महिने बाकीचे सगळे नीट करून झाल्याखेरीज निघूच नये.

टाचेचे प्रत्येक दुखणे मात्र याच पट्ट्याचे नसते. टाचेच्या मागे, पोटरीला टाचेशी बांधणाऱ्या जाड शिरेत, जिला मराठीत धोंडशीर म्हणतात, दुखत असेल तर व्यायाम वेगळा असतो: पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडायची. तो एकदा फिजिओथेरपिस्टकडून समजून घ्यावा. खेळताना मागून कोणीतरी काठी मारल्यासारखे वाटले, कट्‌ असा आवाज आला आणि त्यानंतर चवड्यावर उभेच राहता येईना, तर धोंडशीर तुटली असल्याची शक्यता मोठी आहे. असा रुग्ण पालथा झोपलेला असताना पोटरी दाबली तर निरोगी पायाचे पाऊल हलते आणि तुटलेल्या पायाचे हलत नाही. येथे थांबणे नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा, कारण प्लास्टर असो वा शस्त्रक्रिया, दोन्हींचा निकाल पहिल्या काही दिवसांत सुरुवात केल्यास चांगला येतो. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन या नेहमीच्या प्रतिजैविकांमुळे ही शीर दुखावू शकते, म्हणून गोळ्या चालू असतानाच दुखू लागले तर डॉक्टरांना लगेच कळवावे. विशी-तिशीतल्या तरुणाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी अर्धा-पाऊण तास कंबर आखडलेली राहत असेल, तर ते दुखणे टाचेचे नसून संधिवाताचे असू शकते, आणि त्यासाठी संधिवाततज्ज्ञ हवा.

मुरगळलेला घोटा: हाडवैद्य, फॅमिली डॉक्टर की एक्स-रे?

घोटा मुरगळला की घरात आंबेहळद उगाळली जाते, कोणीतरी तेल लावून चोळायला बसते आणि शेजारच्या गावातल्या हाडवैद्याचे नाव निघते. लेपाने अपाय होत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत जोर लावून चोळण्याने मात्र आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. बांबूच्या पट्ट्या लावून करकचून बांधलेला पाय मला सर्वांत जास्त भीतीदायक वाटतो, कारण आतली सूज वाढत जाते, बांधणी सैल होत नाही, आणि रक्तपुरवठा बंद पडून पाय काळा पडल्याची उदाहरणे रुग्णालयांत येत राहतात. बांधल्यानंतर बोटे थंड, निळसर किंवा बधिर झाली तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी बांधणी सोडावी.

हाड मोडले आहे की नाही, हे ठरवण्यासाठी कॅनडातील ओटावा येथे 1992 साली काही सोपे नियम मांडले गेले आणि आज जगभरचे अपघात विभाग ते वापरतात. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत, हाडावर बोटाने दाबल्यास दुखते का? पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर, करंगळीच्या लांब हाडाच्या मुळाशी दुखते का? पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरच्या टोकाशी असलेल्या हाडावर दुखते का? आणि मुरगळल्यानंतर लगेच किंवा तपासणीच्या वेळी, लंगडत का होईना पण चार पावले टाकता येतात का? पहिल्या तिन्हींचे उत्तर 'नाही' आणि शेवटच्याचे 'हो' असेल, तर महत्त्वाचे हाड मोडलेले असण्याची शक्यता अगदी थोडी राहते आणि एक्स-रेचा खर्च वाचतो. एका प्रश्नाचेही उत्तर उलटे आले तर एक्स-रे काढावा. हे नियम लहान मुलांना आणि पायाची संवेदना गेलेल्या मधुमेही व्यक्तींना लावू नयेत. ज्याला दुखतच नाही त्याच्या "दुखत नाही"वर विसंबता येत नाही.

हाड शाबूत असेल तर फॅमिली डॉक्टर पुरेसे आहेत: कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, लवचीक पट्टी, पाय उशीवर उंच, आणि जमेल तसा हळूहळू भार. महिनाभर पलंगावर पडून राहणे हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. लोक ज्या टप्प्याकडे हमखास दुर्लक्ष करतात तो पुढे येतो. सूज उतरली की पाय बरा झाला असे वाटते, पण तोल सांभाळण्याची घोट्याची जाण परत आलेली नसते, म्हणून तोच घोटा वर्षात पुन्हा दोनदा मुरगळतो. दात घासताना रोज दोन मिनिटे एका पायावर उभे राहणे, आणि ते जमले की डोळे मिटून उभे राहणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. सहा आठवड्यांनंतरही घोटा दगा देत असेल, अडकत असेल किंवा उतारावर चालण्याची भीती वाटत असेल, तर पाऊल-घोट्याचे काम करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी येथे एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते. कधी न धावलेले पाय अचानक रोज डांबरी रस्त्यावर पळू लागले की चवड्याच्या लांब हाडांना किंवा नडगीला केसासारखी बारीक चीर पडते. बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखते, पळताना वाढते आणि पुढे रात्रीही ठणकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे पूर्णपणे स्वच्छ येऊ शकतो आणि मुलाला "काही नाही, पळ" असे सांगितले जाते. मैदानी चाचणी महिन्यावर आली असताना थांबणे किती जड जाते ते मी जवळून पाहिले आहे; पण चीर घेऊन पळत राहिल्यास हाड पूर्ण मोडते आणि मग त्या वर्षीची भरती हातची जाते.

तीन लाल, सुजलेले पाय

सगळ्यांत जास्त घोटाळा येथे होतो, म्हणून हे शेजारी शेजारी ठेवून पाहू. पाय लाल, गरम आणि सुजलेला असे तिघेजण एकाच दिवशी दवाखान्यात आले असे समजा.

पहिल्याला रात्री झोपेत अंगठ्याच्या मुळाशी असह्य वेदना सुरू झाल्या, इतक्या की पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना, आणि बारा ते चोवीस तासांत त्या टोकाला गेल्या. हा बहुधा गाउट, म्हणजे युरिक ॲसिडच्या स्फटिकांनी आलेला सांध्याचा दाह. ऐन झटक्यात रक्तातील युरिक ॲसिड सामान्यही येऊ शकते, त्यामुळे एका अहवालावरून निदान खोडू नये. फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन याचे औषध देऊ शकतात. पावलाच्या शल्यचिकित्सकाची सहसा गरज पडत नाही.

दुसऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या होत्या, तेथून जंतू शिरले, लाली नडगीकडे पसरत गेली आणि थंडी वाजून ताप भरला. हा त्वचेखालचा जंतुसंसर्ग. त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हायला हवे; लालीच्या कडेला पेनाने रेघ मारून ठेवली तर ती वाढते की आटते ते घरच्यांनाही कळते. मधुमेह असेल, उलट्या होत असतील किंवा लाली तासातासाला पुढे सरकत असेल, तर रुग्णालयात भरती व्हावे.

तिसरा स्वतःच्या पायांनी चालत आला. जखम नाही, ताप नाही, फारसे दुखत नाही. फक्त पाऊल सुजले आहे आणि दुसऱ्या पावलापेक्षा गरम लागते. मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा. हा शार्को फूट असू शकतो. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे पावलातली हाडे आतल्या आत ठिसूळ होऊन मोडत असतात आणि माणूस त्यांवरून चालत असतो. दोन्ही पायांच्या तापमानात साधारण दोन अंश सेल्सिअसपेक्षा अधिक फरक ही त्याची महत्त्वाची खूण आहे. अशा पायाला संसर्ग समजून प्रतिजैविके दिली जातात किंवा गाउट समजून गोळ्या दिल्या जातात, आणि दरम्यान कमान खचून तळवा होडीच्या बुडासारखा फुगीर होतो. उपाय एकच आहे: त्या पायावरचा भार तत्काळ काढणे आणि पायाला अंगाबरोबर बसणारे प्लास्टर कित्येक महिने ठेवणे. तिघांमध्ये सर्वांत कमी कण्हणारा हा तिसरा माणूस आहे आणि मधुमेही पायाच्या तज्ज्ञाची सर्वांत तातडीची गरज त्यालाच आहे.

बधिर पायांवरच्या या उपचारांचा एक धागा आपल्या देशाशी जोडलेला आहे. ब्रिटिश शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी तमिळनाडूतील वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना हे दाखवून दिले की तळव्यावरच्या जखमा रोगाने मांस सडल्यामुळे होत नाहीत, तर वेदना न कळणारा माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देत राहिल्यामुळे होतात. मायक्रोसेल्युलर रबराच्या ज्या 'एमसीआर' चपला आज मधुमेहींना लिहून दिल्या जातात, त्यांची सुरुवातही त्याच कामातून झाली.

मधुमेह असेल तर: वर्षातून एकदा की महिन्यातून एकदा?

मधुमेही व्यक्तीने जखम होण्याची वाट पाहू नये. तपासणी साधी असते. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू अंगठ्याला आणि चवड्याला टेकवून तो कळतो का ते पाहतात, कंपन जाणवते का ते पाहतात, आणि पायाच्या नाड्या चाचपतात. संवेदना आणि नाड्या दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा पुरे. दोहोंपैकी एक बिघडले असेल तर सहा ते बारा महिन्यांनी, दोन्ही बिघडली असतील किंवा जोडीला पावलाचा आकार वाकडा असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि पूर्वी जखम झाली असेल किंवा बोट काढले असेल तर एक ते तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. काका आता या शेवटच्या गटात आहेत.

तंतू हाताशी नसेल तर घरीही एक चाचणी करता येते. डोळे मिटून झोपलेल्या व्यक्तीच्या दोन्ही पायांच्या अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना, न दाबता आणि न घासता, आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलका स्पर्श करायचा आणि कळले की सांगायला सांगायचे. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पाय बधिर होऊ लागला आहे असे समजून तज्ज्ञाची वेळ घ्यावी. काकांना सहांपैकी एकही कळला नव्हता. त्यांचा पाय चपलेतल्या खिळ्याच्या आधी कितीतरी वर्षे बधिर होत आला होता आणि साखरेच्या प्रत्येक तपासणीला आम्ही फक्त रक्ताचा कागद पाहत होतो.

अशा पायासाठी गरम पाण्याचा शेक, गरम पाण्याची पिशवी, कुरूप काढायची दुकानातली पट्टी, ब्लेडने कातडी तासणे आणि उन्हाने तापलेल्या देवळाच्या फरसबंदीवरून अनवाणी प्रदक्षिणा, या सगळ्या गोष्टी धोक्याच्या आहेत. अंगठ्याची चप्पल, मग ती कितीही उत्तम कोल्हापुरी असो, पायातून निसटली तरी अशा माणसाला कळत नाही आणि बेचक्यात काचली तरीही कळत नाही. मागे पट्टा असलेले पादत्राण घ्यावे. त्वचा फुटली, फोड आला किंवा कातडीखाली काळसर डाग दिसला, तर चोवीस तासांच्या आत दाखवावे. येथे फॅमिली डॉक्टर ही पहिली पायरी म्हणून चालेल, पण जखम हाडापर्यंत गेली आहे का आणि रक्तपुरवठा किती आहे हे तपासण्याची सोय जेथे आहे तेथे त्यांनी लगेच पाठवावे, असा आग्रह धरावा.

रक्तपुरवठ्याची कहाणी वेगळी आहे आणि ती मधुमेहाशिवायही घडते. ठरावीक अंतर चालले की पोटरीत वांब येतो, थांबले की जातो, आणि माणूस तंबाखू किंवा बिडी ओढणारा असतो, हे चित्र रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे आहे. पाय एकाएकी थंड आणि पांढरा पडून प्रचंड दुखू लागला, तर पाऊलतज्ज्ञाची वेळ घेत बसू नये. रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात थेट जावे, कारण हातात जेमतेम सहा तास असतात. एकच पोटरी सुजून दुखत असेल आणि जोडीला धाप लागत असेल, तर तेही तातडीचेच आहे. दोन्ही पावलांना संध्याकाळी येणारी सूज मात्र बहुधा पावलाची नसते; हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबासाठी चालू असलेली अम्लोडिपिनची गोळी यांकडे आधी पाहावे.

किरकोळ तक्रारी, पण सगळ्याच किरकोळ नाहीत

भेगांसाठी युरियायुक्त क्रीम आणि कोकणातले भिरंडेल, म्हणजे कोकमाचे तेल, दोन्ही चालतात. रात्री लावून वर सुती मोजे घालावेत. भेगेतून रक्त येत असताना पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर पाय साबणाने धुऊन लेप्टोच्या, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाच्या, प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. चिखल्यांना बुरशीविरोधी मलम आणि बेचक्या कोरड्या ठेवणे पुरते. चार आठवड्यांत उतार नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ. कुरूप आणि चामखीळ यांत पुष्कळांची गल्लत होते: सरळ दाबल्यावर दुखते ते कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर दुखते आणि आत काळे ठिपके दिसतात ती चामखीळ. कुरूप हे दाबाचे लक्षण असल्यामुळे चप्पल बदलल्याशिवाय ते पुन्हा येते. बोटात रुतणाऱ्या नखाला गोलाई न देता ते सरळ कापावे, आणि पू झाला तर शल्यचिकित्सकाकडून कडेचा तुकडा काढून घ्यावा. वारीत किंवा लांबच्या पायपीटीत आलेला फोड फोडू नये. फुटलाच तर वरची कातडी तशीच राहू द्यावी. अंगठा वाकडा होऊन बाहेर आलेल्या गाठीला, दुखत नसेल तर, निव्वळ दिसण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

पहिल्या भेटीला जाताना

कोणत्याही तज्ज्ञाकडे जा, चालू गोळ्यांची यादी, मधुमेह असल्यास तीन महिन्यांच्या साखरेचा अहवाल आणि रोज वापरायची चप्पल बरोबर न्या. नवी, घडी न मोडलेली नको. दोन्ही पायांचे मोजे काढायला सांगितले नाहीत आणि चांगला पाय पाहिलाच नाही, तर तपासणी अर्धी झाली असे समजा. काकांच्या तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी त्यांची जुनी चप्पल मागवून घेतली, उलटी केली, आत हात घालून तळ बोटांनी चाचपला आणि खिळ्याचे भोक काकूंना दाखवले. तेव्हापासून काकू रोज रात्री जेवणानंतर दिव्याखाली हातआरसा धरून बसतात. काका पाऊल त्याच्या वर धरतात, काकू आधी तळवा पाहतात, मग बेचक्या, आणि उठण्यापूर्वी दोन्ही चपलांमधून एकदा हात फिरवतात.